शितावरून मनगटाची परीक्षा

भात शिजला की नाही हे पाहण्यासाठी कोणी पातेले रिकामे करीत नाही. वरची चार शिते बोटांत दाबून पाहिली की काम भागते. ‘शितावरून भाताची परीक्षा’ ही आपली म्हण त्यातूनच आली. वैद्यकातही ही म्हण रोज वापरली जाते. तेथे भाताच्या जागी शरीराचा एखादा भाग असतो आणि शिताच्या जागी त्या भागाचा लहानसा तुकडा. जिवंत शरीरातून असा तुकडा काढून तपासण्याला जीवोतक परीक्षा किंवा बायॉप्सी म्हणतात. हा शब्द फ्रेंच त्वचारोगतज्ज्ञ एर्नेस्ट बेनिए यांनी १८७९ साली रूढ केला. या लेखात आपण मनगटाच्या सांध्याची शस्त्रक्रियेने केलेली जीवोतक परीक्षा समजून घेऊ आणि शितावरून भाताची परीक्षा केव्हा खरी ठरते व केव्हा फसते, तेही पाहू.

एक उदाहरण

एक कल्पित उदाहरण घेऊ. डोंबिवलीत राहणाऱ्या एक बाई ठाण्याच्या शाळेत शिकवतात. वय पस्तीस. सकाळच्या लोकलमध्ये डोक्यावरची कडी धरून उभे राहायचे, कोपर, दिवा, मुंब्रा, कळवा मागे टाकत ठाणे गाठायचे, दिवसभर फळ्यावर लिहायचे, रात्री वह्या तपासायच्या. एके दिवशी त्यांचे उजवे मनगट दुखू लागले. सगळ्यांना कारण उघड दिसले: लिहून लिहून दुखत असणार. आंबेहळदीचा लेप झाला, पट्टा बांधून झाला, वेदनाशामक गोळ्या झाल्या.

दोन महिन्यांनी मनगटाच्या मागच्या बाजूला मऊसर सूज दिसू लागली. ती फारशी लाल नव्हती, गरमही नव्हती. ताप नव्हता. एक्स-रेमध्ये हाडे किंचित विरळ दिसली, एवढेच. रक्ताच्या तपासणीत ‘आर. ए. फॅक्टर’ थोडा वाढलेला निघाला. ‘संधिवात असेल, सांध्यात स्टेरॉइडचे इंजेक्शन देऊन पाहू’ असे एक मत पडले. दुसऱ्या डॉक्टरांनी मात्र सांगितले, “आधी मनगट उघडून तुकडा काढून तपासू, मग औषध ठरवू.” घरात सासूबाई म्हणाल्या, “अगं, नुसत्या सुजेला कोणी चाकू लावतं का?”

सासूबाईंचा प्रश्न अगदी रास्त आहे. त्याचे उत्तर द्यायचे तर प्रथम मनगटाच्या आत डोकवावे लागेल.

मनगटाच्या आत

प्रकोष्ठाची दोन हाडे आणि तळहाताची पाच हाडे यांच्यामध्ये आठ लहान हाडे दोन ओळींत बसवलेली असतात. प्रत्येक ओळीत चार. त्यामुळे मनगट म्हणजे दाराच्या बिजागरीसारखा एक सांधा नव्हे, तर अनेक लहान सांध्यांचा समूह आहे. म्हणूनच आपण हात वर, खाली आणि दोन्ही बाजूंना वळवू शकतो.

हाडांच्या टोकांवर गुळगुळीत कूर्चा असते. कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. तिचे पोषण व वंगण सांध्यातल्या द्रवातून होते आणि हा द्रव तयार करते सांध्याला आतून असलेले पातळ अस्तर. त्याला संधिकला म्हणतात. निरोगी संधिकलेचा पृष्ठथर जेमतेम एक ते तीन पेशींच्या जाडीचा असतो. रोग झाला की हेच अस्तर सुजते, जाड होते, त्यात नव्या रक्तवाहिन्या येतात आणि ते कूर्चेवर पसरून तिला कुरतडू लागते. बाईंच्या मनगटावर हाताला लागत होती ती बहुधा ही सुजलेली संधिकला.

मनगटातल्या लहान सांध्यांच्या पोकळ्या एकमेकींशी बऱ्याच अंशी जोडलेल्या असतात. एका हाडापाशी सुरू झालेला संसर्ग त्यामुळे शेजारच्या हाडांपर्यंत लवकर पोहोचतो. चाळीतल्या एका खोलीला आग लागावी आणि सामाईक गॅलरीतून धूर सगळीकडे जावा, तसे हे आहे. मनगटाच्या बाबतीत निदानाला उशीर परवडत नाही, तो यासाठी.

एक सूज, अनेक कारणे

एकाच सांध्याची सूज आठवड्यांमागून आठवडे टिकली तर कारणांची यादी मोठी असते. ऱ्हुमॅटॉइड संधिवात असू शकतो, पण तो सहसा दोन्ही हातांच्या सांध्यांत दिसतो. युरिक आम्लाचे स्फटिक साठून होणारा गाउट असू शकतो. संधिकलेची किंवा हाडाची गाठ असू शकते. वीस ते चाळीस या वयात होणारी महापेशी गाठ (जायंट सेल ट्यूमर) गुडघ्याजवळच्या हाडांखालोखाल मनगटाजवळच्या हाडात आढळते. आणि आपल्या देशात कधीही विसरू नये असे एक कारण म्हणजे क्षय.

क्षय म्हणजे खोकला, अशी आपली समजूत असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२३ साली जगात सुमारे १ कोटी ८ लाख लोकांना नव्याने क्षय झाला आणि त्यांतील सुमारे २६ टक्के भारतातले होते. यांपैकी बहुतेकांचा क्षय फुप्फुसाचाच असतो. हाडासांध्यांचा क्षय शंभर क्षयरुग्णांत साधारण एक ते तीन जणांना होतो आणि त्यातही निम्म्याच्या आसपास रुग्णांचा पाठीचा कणा बाधित असतो. मनगटाचा क्षय दुर्मिळच. पण दुर्मिळ म्हणूनच तो पटकन कोणाच्या ध्यानात येत नाही. जंतू श्वासावाटे फुप्फुसात शिरतात, तेथून रक्तावाटे सांध्यात जातात आणि कधी कधी वर्षानुवर्षे निपचित राहतात. अशा रुग्णाच्या छातीचा एक्स-रे अगदी स्वच्छ असू शकतो.

आता पेच लक्षात घ्या. ऱ्हुमॅटॉइड संधिवातावरची बरीच औषधे शरीराची प्रतिकारशक्ती आवरून धरतात. क्षयात तीच प्रतिकारशक्ती जंतूंना कोंडून ठेवत असते. क्षयाच्या सांध्यात स्टेरॉइड दिले तर सूज काही दिवस उतरते, रुग्णाला बरे वाटते आणि जंतूंना मोकळे रान मिळते. आर. ए. फॅक्टरवर विसंबावे तर तो दीर्घ मुदतीच्या संसर्गातही वाढू शकतो. म्हणजे दोन रोग बाहेरून सारखे दिसतात आणि एकाचे औषध दुसऱ्याला खतपाणी घालते. अशा वेळी अंदाजाने औषध देणे हा जुगार ठरतो.

सुई, दुर्बीण की चाकू?

तुकडा मिळवण्याचे मार्ग तीन. पहिला सुईचा. सुईने सांध्यातला द्रव काढता येतो. गाउटचे स्फटिक किंवा पू करणारे जंतू शोधायला तो पुरतो. पण क्षयाचे जंतू द्रवात फार थोडे असतात. ते मुख्यतः संधिकलेत आणि हाडात असतात. सोनोग्राफीत पाहून जाड सुईने संधिकलेचा तुकडाही घेता येतो, मात्र तो बारीक असतो.

दुसरा मार्ग दुर्बिणीचा. मनगटासाठी तीन मिलिमीटरपेक्षाही कमी जाडीची दुर्बीण वापरतात. जखम लहान राहते, आतले दिसते. पण त्यासाठी साधने व सराव लागतो आणि संधिकला फार फुगलेली असेल किंवा रोग हाडात असेल तर ती अपुरी पडते.

तिसरा मार्ग उघड्या शस्त्रक्रियेचा. सर्जनला रोगट भाग डोळ्यांनी दिसतो, निरनिराळ्या जागांचे पुरेसे तुकडे घेता येतात आणि साचलेला पू व मृत भाग त्याच वेळी साफ करता येतो. बदल्यात मोठी जखम, भूल, व्रण आणि काही दिवसांचा ताठरपणा सोसावा लागतो. म्हणून साध्या उपायांनी निदान होत असेल तर चाकू लावू नये आणि होत नसेल तर चाकूच्या भीतीने महिने घालवू नयेत.

शस्त्रक्रिया कशी होते?

काखेत किंवा गळपट्टीच्या हाडापाशी मज्जातंतूंच्या जुडग्याजवळ भुलीचे औषध देऊन फक्त हात बधिर करता येतो. दंडाला रक्तदाब मोजण्याच्या यंत्रासारखा, हवेने फुगणारा पट्टा बांधतात. त्यात साधारण २५० मिलिमीटर पाऱ्याइतका दाब ठेवतात. हृदयाच्या आकुंचनाचा दाब १२०च्या आसपास असल्याने रक्त पट्ट्याच्या पुढे जाऊ शकत नाही आणि सर्जनला कोरडे, स्वच्छ दृश्य मिळते. हा पट्टा फार वेळ ठेवता येत नाही. दोन तास ही सर्वसाधारण मर्यादा मानतात. एरवी पट्टा फुगवण्याआधी हात रबरी पट्टीने घट्ट गुंडाळून त्यातले रक्त पिळून काढतात. संसर्ग किंवा गाठ असण्याची शक्यता असेल तर मात्र तसे करीत नाहीत, कारण पिळण्याने रोगच वर ढकलला जाण्याची भीती असते. तेव्हा हात काही मिनिटे नुसता उंच धरतात. बाकीचे काम गुरुत्वाकर्षण करते.

छेद बहुधा मनगटाच्या मागच्या बाजूला, हाताच्या लांबीच्या दिशेने घेतात. कारण पुढच्या बाजूला नाडी पाहतो ती रोहिणी, करंगळीच्या बाजूची दुसरी रोहिणी, अंगठ्याला व बोटांना संवेदना देणारा मध्य मज्जातंतू आणि बोटे मिटणाऱ्या कंडरांची गर्दी असते. मागची बाजू त्या मानाने मोकळी. तेथे बोटे व मनगट उचलणाऱ्या कंडरा सहा कप्प्यांतून जातात. अंगठ्याची कंडरा आणि बोटांच्या कंडरा बाजूला सारल्या की सांध्याची पिशवी दिसते. त्वचेखालचे संवेदनेचे बारीक मज्जातंतू मात्र जपावे लागतात. ते दुखावले तर हाताच्या मागच्या बाजूला बधिरपणा राहतो.

पिशवी उघडल्यावर कधी कधी तांदळाच्या कणीसारखे पांढरे, गुळगुळीत दाणे बाहेर येतात. डॉक्टर त्यांना ‘तांदूळ-कण’ असेच म्हणतात. क्षयात ते आढळतात, पण ऱ्हुमॅटॉइड संधिवातातही आढळतात. नुसत्या डोळ्यांवर येथेही भरवसा ठेवता येत नाही. सर्जन संधिकलेचे अनेक तुकडे घेतात, हाडात पोकळी असेल तर तेथले खरवडून घेतात, सांधा धुतात, पट्टा सोडून रक्तस्राव थांबवतात आणि टाके घालतात. मनगट आधारपट्टीत ठेवतात, बोटे मात्र पहिल्या दिवसापासून हलवायला सांगतात. टाके साधारण दहा ते चौदा दिवसांनी काढतात.

एका बाटलीची चूक

या विषयावर आम्ही लिहावे याचे एक कारण आहे. चाकू आमच्या हाती नसतो, आमचे काम प्रयोगशाळेतले. शस्त्रक्रिया उत्तम होते, तुकडा भरपूर मिळतो आणि प्रयोगशाळेच्या टेबलावर एकच बाटली येते, फॉर्मालिनने काठोकाठ भरलेली. तेथे निम्मी उत्तरे कायमची हरवलेली असतात.

फॉर्मालिन प्रथिनांच्या रेणूंना एकमेकांशी सांधून टाकते. त्यामुळे ऊतक सडत नाही, पेशी जागच्या जागी राहतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली रचना नीट दिसते. पण तेच फॉर्मालिन तुकड्यातला प्रत्येक जंतू मारते. मेलेला जंतू वाढवता येत नाही. डीएनएलाही इजा होत असल्याने जनुकीय चाचणी बेभरवशाची होते. म्हणून शस्त्रक्रियागृहातच तुकड्यांची वाटणी व्हावी लागते. एक वाटा किमान दहापट फॉर्मालिनमध्ये, सूक्ष्मदर्शकासाठी. दुसरा वाटा निर्जंतुक मिठाच्या पाण्यात (०.९ टक्के), जंतुसंवर्धनासाठी व जनुकीय चाचणीसाठी, आणि तो लगोलग पोहोचवायचा. रुग्णाच्या नातेवाइकांनी शस्त्रक्रियेआधी “तुकडा संवर्धनासाठीही पाठवणार ना?” एवढे नम्रपणे विचारले तर त्यात काही गैर नाही.

तीन साक्षीदार

पहिला साक्षीदार सूक्ष्मदर्शक. तुकड्यातले पाणी अल्कोहोलने काढून तो मेणात बसवतात आणि चार-पाच मायक्रोमीटर जाडीचे काप काढतात. आपल्या केसाची जाडी याच्या दहापटीहून जास्त असते. मग हिमॅटॉक्सिलिन या झाडापासून मिळणाऱ्या रंगाने पेशींची केंद्रके निळी-जांभळी आणि इओसिनने बाकीचा भाग गुलाबी रंगतो. क्षयात पेशींची लहान लहान वर्तुळाकार वेटाळी दिसतात, त्यांना ग्रॅन्युलोमा म्हणतात. त्यांत अनेक पेशी एकत्र येऊन बनलेल्या, घोड्याच्या नालासारखी केंद्रकांची रांग असलेल्या महापेशी असतात. मध्यभागी पनीरासारखा मृत भाग असतो. ही शरीराने जंतूंभोवती घातलेली नाकेबंदी. भारतात हे शास्त्र रुजवणाऱ्यांत डॉ. वसंत रामजी खानोलकर (१८९५–१९७८) यांचे नाव अग्रभागी आहे. परळचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ साली सुरू झाले, तेव्हा तेथील प्रयोगशाळा त्यांनी उभी केली.

त्याच कापावर आणखी एक रंग देता येतो. क्षयजंतूच्या भिंतीत मेणासारखे पदार्थ असतात. तापवलेला लाल रंग त्यात शिरला की आम्लानेही धुऊन निघत नाही. निळ्या पार्श्वभूमीवर लाल काड्या दिसल्या की जंतू सापडले. रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी क्षयजंतूचा शोध जाहीर केला, त्यानंतर वर्षभरातच त्सील आणि नेल्सन यांच्या कामातून ही पद्धत घडली. पण सांध्यात जंतू इतके थोडे असतात की पुष्कळदा एकही दिसत नाही.

दुसरा साक्षीदार संवर्धन. पोषक माध्यमावर जंतू वाढले तर शंका उरत नाही आणि कोणत्या औषधाने ते मरतात हेही तपासता येते. अडचण वेळेची. आतड्यातला ई. कोलाय जंतू अनुकूल परिस्थितीत वीस मिनिटांत दुप्पट होतो, क्षयजंतूला त्यासाठी वीस तासांच्या आसपास लागतात. म्हणून निकालाला सहा ते आठ आठवडे लागू शकतात.

तिसरा साक्षीदार जनुकीय चाचणी. जंतूच्या डीएनएचा ठरावीक भाग असंख्य पटींनी वाढवून ओळखायचा. जागतिक आरोग्य संघटनेने २०१० साली एक्सपर्ट या चाचणीची शिफारस केली. तिचा निकाल सुमारे दोन तासांत मिळतो आणि रिफॅम्पिसिन या प्रमुख औषधाला जंतू दाद देतील का, हेही कळते. गोव्यातील मोलबायो या कंपनीच्या ट्रूनॅट चाचणीची शिफारस २०२० साली झाली.

शीत कधी फसवते?

आता मूळ म्हणीकडे येऊ. चार शितांवरून भात कळतो, कारण पातेल्यातले पाणी आणि उष्णता सगळीकडे जवळपास सारखी असते. पण भात बुडाला करपला असेल तर वरची शिते ते सांगत नाहीत. सांध्यातला रोगही ठिगळाठिगळांचा असतो. एका जागी ग्रॅन्युलोमा, बोटभर अंतरावर नुसती साधी सूज. म्हणून एकच तुकडा पुरत नाही.

यातून एक नियम निघतो. ‘क्षय सापडला’ हे उत्तर बरेच वजनदार असते, ‘क्षय सापडला नाही’ हे उत्तर तेवढे वजनदार नसते. तिन्ही साक्षी नकारात्मक आल्या तरी रुग्णाची लक्षणे, एक्स-रे व एमआरआय सोबत ठेवूनच निर्णय होतो. नमुना घेण्याआधी प्रतिजैविके घेतली असतील तर त्यांपैकी काही क्षयजंतूंना अर्धवट मारतात आणि संवर्धनात ते वाढत नाहीत. रुग्णाची प्रकृती गंभीर नसेल तर नमुना आधी, औषध नंतर हा क्रम पाळावा.

‘चाकू लागला की रोग पसरतो’ ही भीती अनेकांना वाटते. सरसकट ती खरी नाही. मात्र तिच्यात एक सावधगिरी दडलेली आहे. गाठ असेल तर तुकडा काढलेल्या वाटेवर तिच्या पेशी सांडू शकतात. म्हणून गाठीची शंका असल्यास पुढची शस्त्रक्रिया जे सर्जन करणार, त्यांनीच छेदाची जागा ठरवावी, म्हणजे नंतर ती वाट गाठीसोबत काढून टाकता येते.

निदानानंतर

मनगटाचा क्षय ठरला तर आयसोनियाझिड, रिफॅम्पिसिन, पायराझिनामाइड व एथॅम्ब्युटॉल या औषधांनी उपचार सुरू होतात. हाडासांध्यांच्या क्षयाला साधारण बारा ते अठरा महिने औषध घ्यावे लागते. राष्ट्रीय क्षयरोग निर्मूलन कार्यक्रमात ही औषधे मोफत मिळतात. २०१२ पासून प्रत्येक क्षयरुग्णाची नोंद सरकारकडे करणे खाजगी डॉक्टरांनाही बंधनकारक आहे. रुग्णाच्या आहारासाठी २०१८ पासून दरमहा ५०० रुपये दिले जात, नोव्हेंबर २०२४ पासून ते १,००० रुपये झाले.

सोय शोधायला फार दूर जावे लागत नाही. कळव्याला ठाणे महापालिकेचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय आणि त्याला जोडलेले वैद्यकीय महाविद्यालय आहे. कल्याणला रुक्मिणीबाई आणि डोंबिवलीला शास्त्रीनगर ही महापालिकेची रुग्णालये आहेत. तेथून पुढे पाठवणी करून घेता येते, आणि परळचे केईएम मध्य रेल्वेच्याच वाटेवर आहे.

वर्गात करून पाहण्यासारखे

मुलांना अंगठा ताठ करून मागे ताणायला सांगा. मनगटाजवळ अंगठ्याच्या मुळाशी दोन कंडरांमध्ये एक खळगी दिसेल. तिच्या तळाशी बोट दाबले की आठांपैकी एक हाड हाताला लागते. मग बोटे एकेक करून उचलायला सांगा आणि हाताच्या मागच्या बाजूला कंडरा सरकताना पाहू द्या.

दुसरा प्रयोग गणिताच्या तासाचा. एका डब्यात शंभर पांढरे मणी आणि पाच लाल मणी नीट ढवळून ठेवा. दुसऱ्या डब्यात तेवढेच मणी, पण लाल मणी एका कोपऱ्यात दाबून ठेवा. दोन्ही डब्यांतून वरवरचे दहा-दहा मणी अनेकदा काढून नोंदवा. नमुना कोठून घेतला याला किती महत्त्व असते, हे मुलांना व्याख्येविना समजेल.

आणि आपल्या उदाहरणातल्या बाई? सासूबाईंना त्यांनी द्यायचे उत्तर असे: “आई, सुजेला नाही लावत चाकू. ही सूज कसली ते कोणालाच ठाऊक नाही, म्हणून लावतात.” निदान वेळेवर झाले, तुकड्यांची वाटणी नीट झाली आणि औषध अखेरपर्यंत घेतले, तर ते मनगट पुन्हा फळ्यावर लिहू लागण्याची आशा चांगली असते. उशीर झाला तर कूर्चा गेलेली असते, आणि ती परत येत नाही. तेव्हा शिक्षकखोलीत कोणाचे एकच मनगट, एकच गुडघा किंवा एकच घोटा सहा आठवड्यांहून जास्त सुजलेला दिसला, तर लेप सुचवण्याआधी एवढेच विचारावे: “तपासून घेतलंत का?”